परत न मागितलेले डबे

हिंजवडीजवळच्या चांदे गावात तुळजाबाईंच्या चाळीत नलिनी साळवे अकरा वर्षं भाड्यानं राहत होती. सहा खोल्यांत ख्रिस्ती घर तिचं एकच. दिवाळीला शेजारून फराळाची ताटं यायची. ती धुऊन-पुसून फळीवर उभी करायची आणि नाताळला करंज्या भरून परत द्यायची. दोन महिने दुसऱ्याचं ताट घरात ठेवायचं म्हणजे ढापलंच, असं पहिल्या वर्षी चाळ कुजबुजली. मग सवय झाली.

ताट द्यायचा तिचा नवरा, जनार्दन. दारात उभं राहून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "देवा, या घरात शांती नांदो." एवढंच. मागं पिशवी धरून नलिनी गप्प. एकदा एका भाडेकरूनं विचारलं, धर्म वाटायला आलात काय. जनार्दन म्हणाला, "करंज्या वाटायला आलोय. धर्म मलाच लागतोय अजून."

ऑगस्टमध्ये जनार्दन गेला. आदल्या दिवशी म्हणाला, नाताळला दारं सोडू नकोस. तिनं हो म्हटलं.

यंदा दिवाळीला ताटं आलीच नाहीत. दुकानातले प्लास्टिकचे डबे आले, वर सोनेरी चिकटपट्टी. तुळजाबाईंची सून वैष्णवी म्हणाली, "काकू, डबा परत नको हां. फेकून द्या." चांगल्या मनानंच म्हणाली. दार लावून घ्यायची याहून सभ्य रीत कुणाला सापडायची नाही.

नलिनीनं डबे घासून ठेवले.

डिसेंबर लागला तसे हिंजवडीच्या रस्त्यावर लाल टोप्यांचे ढीग लागले. मॉलसमोर तीन मजली झाड उभं राहिलं. दोन शर्ट घ्या, तिसरा फुकट. येशूचं नाव कुठंच नव्हतं. फुकट मात्र हातभर अक्षरांत होतं.

पंचवीसला सकाळची उपासना करून, दोन बस बदलून नलिनी परतली. डबे भरले आणि निघाली. पहिल्या खोलीला कुलूप. दुसरीला कुलूप. सुट्टी जोडून आलेली, कोण गावाला, कोण मॉलला. पाच दारं, पाच कुलपं. एका कुलपावर चमकीचा तारा लटकत होता.

मालकांच्या अंगणात गाडी सुरू होती. तुळजाबाईंचा मुलगा राजू स्टिअरिंगवर. वैष्णवीच्या डोक्यावर लाल टोपी. मागच्या सीटवर तुळजाबाई, त्यांच्याही पांढऱ्या केसांवर टोपी, तिचा गोंडा लुकलुकत होता.

"चला की काकू, तुमचाच तर सण," वैष्णवी म्हणाली. "झाडाखाली फोटो काढू. सेलचा आज शेवटचा दिवस हाय."

नलिनीनं खिडकीतून डबा दिला आणि दोन मिनिटं मागितली.

तुळजाबाईंनी डबा मांडीवर घेतला. "बोल की, नलिने. जनार्दन बोलायचा ते. त्याबिगर करंजी गोड लागत न्हाई."

"आई, पार्किंग मिळायचं न्हाई," राजू म्हणाला.

नलिनीनं डोळे मिटले. वाक्य पाठ होतं, पण ते जनार्दनच्या गळ्यातलं होतं. तिनं घसा खाकरला. "देवा, या..."

चाकाखाली खडी वाजली. डोळे उघडले तेव्हा मागच्या काचेत गोंडा लुकलुकत होता.

तिला राग आला. राजूचा आलाच, पण त्याहून स्वतःचा. अकरा वर्षं पिशवी धरून उभी राहिली आणि देवाशी बोलायचं काम नवऱ्यावर टाकून मोकळी झाली.

ती परत चाळीत आली. पहिल्या कुलपासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "देवा, या घरात शांती नांदो." आवाज कापला. डबा पिशवीत घालून कडीला अडकवला. दुसरं दार. तिसरं. पाचव्या दाराला आवाज सरळ झाला होता.

सहावं दार तिचं. त्यालाही कुलूपच. हात रिकामे. इथं वाक्य काही केल्या बाहेर येईना. तिनं किल्ली मुठीतच धरली.

मग ते इथंही म्हणाली, आणि कुलूप काढलं.