अस्तराचे चार टाके

मी एक जुनी सॅक आहे. जाड, खाकी, दोन पितळी बकलांची. माझ्यावर एकही चेन नाही हे आधीच सांगून ठेवते. ज्यांना चेनींचं कौतुक आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. मित्रांनो, तुम्ही मात्र बसा. तुम्ही अजून लहान आहात, तुमच्या सुधारण्याची थोडी आशा आहे. मोठ्यांच्या बाबतीत मी ती केव्हाच सोडून दिली.

मला एका तंबू शिवणाऱ्या कारागिरानं शिवलं. मोठा तंबू बेतून झाल्यावर उरलेलं कापड घेऊन तो बसला, तेव्हा त्याची बायको म्हणाली, "आता त्या उरल्यासुरल्याचं काय करताय?" तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "उरलंसुरलंच शेवटपर्यंत पुरतं, बघ तू." मेण लावलेला दोरा, दुहेरी टीप, आतून निळं सुती अस्तर. माझा तळ तर त्यानं असा शिवला की दगडावर आपटलं तरी दगडानंच माफी मागावी.

माझी पहिली मालकीण जमिनीची मोजणी करणारी बाई होती. एकवीस वर्षं तिनं मला पाठीवर घेऊन उत्तरेकडचे डोंगर तुडवले. तिच्या सामानात एक जोडी कपडे, मोजणीची साखळी, वही, ब्रेड आणि एक पातळ घोंगडी, एवढंच. ती मला भरायची तेव्हा प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायची, "तू कशाला येतेस गं?" वस्तूला उत्तर देता आलं नाही की ती घरी राहायची. आणि चढावर दम लागला की गुणगुणायची,

"पाठीवर ओझं, पायांना पुसावं,
अर्धं ठेवून मग घर सोडावं."

लोक म्हणायचे, "बाई, तुमची सॅक काय टिकली हो." ती माझ्या पाठीवर थाप मारायची. ते माझे कौतुकाचे दिवस.

मग तिचे गुडघे कुरकुरायला लागले आणि मी कपाटावर गेले. आठ वर्षं. एका बाजूला मोडका पंखा, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेली मच्छरदाणी. दोघंही अत्यंत कंटाळवाणे. धुळीचं मला काही नव्हतं, पण कसर लागली. माझं निळं अस्तर तळाशी बोटभर लांब उसवलं. मी कोणाला बोलले नाही. मोडक्या पंख्यापुढे आपलं दुखणं काय सांगायचं?

एके दिवशी खाली आवाज झाला. "आत्या, ती सॅक अजून आहे का गं?"

मोजणीवालीची भाची आली होती, नव्या नवऱ्याला घेऊन. ही चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. नवरा ग्रंथपाल. लग्नाला चार महिने झाले होते आणि दोघांनी ठरवलं होतं की पाठीवर सामान टाकून, कोणाच्या आधाराशिवाय, उत्तरेकडे फिरायचं. त्याआधी ग्रंथपाल सर्वांत लांब कुठं चालत गेला होता, तर बसस्टॉपवर. शिवाय त्याला दमा. एरवी खिशात एक छोटा निळा पंप असायचा. छाती भरून आली की तो तोंडात धरून दाबायचा, मग श्वास मोकळा.

आत्यानं मला खाली उतरवलं, झटकलं आणि आत हात घालून म्हणाली, "अस्तर उसवलंय. निघायच्या आधी चार टाके घाल."

"हो गं आत्या, घालते."

"हो म्हणू नकोस, घाल."

तिनं घातले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. मेणदोऱ्याच्या सुईनं शिवलेल्या अंगाला या पोरीनं हात लावावा? तिची लायकी काय? पण हे लक्षात ठेवा मित्रांनो, मी पुन्हा या गोष्टीवर येणार आहे. नाइलाजानं.

त्यांच्या घरी मला दुसरी सॅक भेटली. नवी कोरी, केशरी, अंगावर बावीस चेनी, पट्ट्याला शिट्टी. बावीस! जिला आपल्या पोटात काय आहे हे शोधायला बावीस दारं लागतात, तिच्या डोक्याबद्दल मी काय बोलावं? ती ग्रंथपालाच्या पाठीवर आणि मी चष्मेवालीच्या.

सामान भरायला दोघांना दोन दिवस लागले. पाच पुस्तकं. दोन छत्र्या. सासूबाईंनी दिलेला खाऊचा स्टीलचा डबा, तो रिकामा झाला तरी परत आणायच्या अटीवर. आणि एक इस्त्री.

"इस्त्री कशाला रे?" चष्मेवालीनं विचारलं.

"चुरगळलेल्या शर्टात माणूस हरवल्यासारखा दिसतो," ग्रंथपाल म्हणाला. मग त्यानं यादी केली. तो हाडाचा ग्रंथपाल, त्याला राहवतंय थोडंच? क्रमांक एक, इस्त्री, केशरी, तळाचा कप्पा. क्रमांक सात, पंप, केशरी, कमरेचा कप्पा. असे अडुसष्ट क्रमांक. यादीची एक प्रत त्याच्याकडे, एक तिच्याकडे. मी हसले असते, पण माझ्या तोंडाला बकलं आहेत.

प्रवासाची सुरुवात त्यांनी चुकीच्या फलाटावर बसून केली. दोघंही यादी तपासत होते आणि गाडी समोरच्या फलाटावरून निघून गेली. दुसऱ्या गावी रिक्षावाल्यानं त्यांना सांगितलं की तुमचं लॉज बंद पडलं. मग त्यानं त्यांना आपल्या मेव्हण्याच्या लॉजवर नेलं. खिडकीतून समोर बंद पडलेलं लॉज चांगलं गजबजलेलं दिसत होतं. "बिचारा किती मदत करतो," असं ग्रंथपाल म्हणाला. तिसऱ्या गावी न्हाणीघरात एकच बादली गरम पाणी मिळालं, तर दोघं अर्धा तास 'तू आधी', 'नाही, तू आधी' करत बसले. पाणी गार झालं आणि दोघं बिनअंघोळीचे राहिले. अशा माणसांच्या पाठीवरून मला जग बघायचं होतं. नशीब म्हणतात ते हेच.

खरा मूर्खपणा डोंगर लागल्यावर सुरू झाला.

एका सकाळी ग्रंथपाल दात घासायला गेला होता. चष्मेवालीनं हळूच केशरीची चेन उघडली, इस्त्री काढली आणि माझ्या पोटात ढकलली. काल त्याची पाठ दुखत होती ना, म्हणून. थोड्या वेळानं ती लॉजवाल्याची बादली परत द्यायला गेली. लगेच ग्रंथपाल माझ्याजवळ आला. काल तिच्या खांद्याला वळ उठला होता ना, म्हणून. त्यानं माझ्यातलं जे सगळ्यात जड लागलं ते उचललं आणि केशरीत घातलं. तीच इस्त्री.

दोघांनी सॅक पाठीवर घेतल्या.

"आज हलकी वाटते का गं?"

"हो रे, बरीच. तुझी?"

"माझीपण."

खोटारडे. रत्तीभरही फरक पडला नव्हता. आणि हे रोज चाललं. इस्त्री रोज सकाळी सासरहून माहेरी यायची आणि चहाच्या आत परत सासरी जायची. डबा, पुस्तकं, छत्र्या, सगळ्यांची येजा. मोजणीवाली असती तर दोघांचे कान धरून म्हणाली असती, अरे, एकमेकांना सांगा तरी. पण या दोघांना आपण चोरून चांगले आहोत याचाच मोठा आनंद. यादी बिचारी खिशात घडी होऊन पडली होती. अडुसष्टातला एकही क्रमांक जागेवर उरला नव्हता.

शेवटच्या गावी रस्ता संपला. पुढे एक खिंड आणि खिंडीपलीकडे तळं. "तेवढं तळं बघून या," आत्यानं निघताना सांगितलं होतं. त्या सकाळी ग्रंथपालानं कमरेच्या कप्प्यात वाटेत खायला बिस्किटं भरली आणि पंप फुटू नये म्हणून लोकरी मोज्यात घालून केशरीत ठेवला. तो बाहेर गेल्यावर चष्मेवालीनं लोकरीचे सगळे कपडे उचलून माझ्यात कोंबले. मोजे त्यातच. कोंबताना मोजा उलटा झाला. निळा पंप घरंगळत तळाशी आला, अस्तराच्या त्या बोटभर लांब भोकातून सरकला आणि अस्तर अन् कापडाच्या मधे जाऊन बसला.

मला कळलं. माझ्याच अंगात तो गेला होता, मला नाही कळणार तर कोणाला?

खिंडीच्या अर्ध्या चढावर वारा सुटला, गार आणि धुळीचा. ग्रंथपाल थांबला. आधी हसून थांबला, मग नुसता थांबला. त्याच्या छातीतून बारीक शीळ यायला लागली. तो एका दगडावर बसला आणि त्यानं हात पुढे केला.

चष्मेवालीनं यादी काढली. "सात. सात, कमरेचा कप्पा." तिनं चेन ओढली. बिस्किटं.

"मोज्यात," तो म्हणाला. "लोकरी."

तिचा चेहरा उतरला. "मोजे माझ्याकडे आहेत. मी सकाळी काढून घेतले."

"का?"

"तुझी पाठ दुखते म्हणून. मी रोजच घेते."

"मी पण," तो म्हणाला. एकेका शब्दानंतर त्याला थांबावं लागत होतं. "तुझ्यातून. इस्त्री."

"ती इस्त्री तू परत नेतोस?"

तिनं माझी बकलं उघडली, मोजा काढला, चाचपला. रिकामा. दुसरा काढला. तोही रिकामा. ग्रंथपालाचे खांदे आता प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते, आणि ओठ शाईच्या डागासारखे दिसत होते.

मित्रांनो, मी सगळ्या वाटेवर या दोघांना हसले होते. आता मला एवढंच सांगायचं होतं की इथे आहे, इथे तळाशी, माझ्या अस्तरात. पण सॅक बोलत नाही. जे तिच्या पोटात असतं ते शोधणाऱ्यानंच शोधायचं असतं.

वरून एक खेचरवाली बाई दोन खेचरं घेऊन उतरत होती. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं.

"काय हरवलंय?"

"औषध. यांचा पंप. यातच आहे कुठेतरी."

"मग चिवडत काय बसलीस पोरी? ओत सगळं."

दोन्ही सॅक वाटेवर उलट्या झाल्या. पुस्तकं, छत्र्या, डबा, शर्ट, शेवटी ठण्‌कन इस्त्री. खेचरवालीनं ग्रंथपालाला पुढे वाकवून बसवलं, त्याच्या गळ्याचं बटण काढलं आणि वाऱ्याला पाठ करून त्याच्यासमोर उभी राहिली. "हळू सोड श्वास. घाई करू नकोस. तुझी बायको शोधतेय."

पंप कुठेच नव्हता. चष्मेवालीनं मला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. आतून एक बारीक खुळखुळ झाली. ती थबकली. पुन्हा हलवलं. पुन्हा खुळखुळ.

"अस्तर," ती म्हणाली. "आत्या म्हणाली होती. चार टाके."

तिनं हात आत घातला, भोकात दोन बोटं अडकवली आणि ओढलं. माझं निळं अस्तर तळापासून काठापर्यंत टर्रकन फाटलं. एकवीस वर्षांच्या डोंगरांनी जे केलं नाही ते तिनं एका हिसक्यात केलं. आणि खरं सांगते, मला जराही अपमान वाटला नाही.

एक दाब. थोडं थांबून दुसरा. शीळ बारीक होत गेली. बऱ्याच वेळानं ग्रंथपालानं मान वर केली तेव्हा चष्मेवाली त्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकून बसली होती.

"यादी चुकली," तो म्हणाला.

"यादीला आग लाव."

खेचरवाली इस्त्री हातात घेऊन उलटसुलट बघत होती. "ही कशाला? वर कोणाचं लग्न आहे?"

"तुम्ही घ्या ना, मावशी," चष्मेवाली म्हणाली.

"मी? मी काय खेचरांना इस्त्री करू?" तिनं ती खाली ठेवली, एक छत्री मात्र घेतली. "आता उतरा. तळं कुठे पळून जात नाही. परत याल तेव्हा निम्मं सामान आणा आणि दुप्पट बोला."

तळं न बघताच ते खाली उतरले.

परतल्यावर आत्याच्या घरी ग्रंथपालानं मला मांडीवर घेतलं. हो, त्यानंच. चष्मेवालीनं सुईत दोरा ओवून दिला आणि शेजारी बसून फाटलेल्या कडा जुळवून धरल्या. त्याच्या हातात सुई म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. टाके वाकडे, दोरा केशरी. तंबूवाल्या कारागिरानं पाहिलं असतं तर त्यानं डोळे मिटून घेतले असते. पण कुठे बोट जाणार नाही असं अस्तर त्यानं शिवलं. आत्यानं आत हात घालून तपासलं आणि म्हणाली, "चाराचे चाळीस झाले." एवढंच.

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर माझ्यासारखं कोणी पडलं असेल तर त्याला खाली काढा. त्याला ऊन दाखवा, आत हात घालून बघा, आणि जिथे चार टाके हवेत तिथे आजच घाला. ते स्वतः मागणार नाही. आम्हा जुन्यांना मिजास फार असते. आणि कोणाचं ओझं उचलाल तर त्याला सांगून उचला.

आज ते पुन्हा त्याच तळ्याकडे निघालेत. पंप ग्रंथपालाच्या गळ्यात दोरीनं लटकलाय. इस्त्री आत्याच्या कपाटावर, मोडक्या पंख्याशेजारी, माझ्या जागेवर गेली आहे. पंख्याला तरी नवी सोबत मिळाली.

"तुझी पाण्याची बाटली मी घेतो," ग्रंथपाल मोठ्यानं म्हणाला.

"घे. तुझं एक पुस्तक मी घेते."

"दोन आहेत."

"एकच घेणार म्हटलं ना."

तो दाराला कुलूप लावायला गेला. चष्मेवालीनं इकडेतिकडे पाहिलं, केशरीची चेन हळूच उघडली आणि दुसरं पुस्तकही माझ्या पोटात सरकवलं.

ही माणसं सुधारायची नाहीत. मी बकलं घट्ट मिटून घेतली.