ही काही बोलायची नाही

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात पगारवाढीचं पाकीट मालकासमोरच उघडायची रीत होती. मालकाला चेहरे बघायला आवडायचे. कामगारांतल्या एका तोंडाळ बाईला सगळे फटाकडी म्हणत; तिने पाकीट उघडलं आणि टेबलावर आपटलं.

"एवढ्याने काय होतंय? वाढवून द्या, नाहीतर मी चालले!"

"अगं बाई, सगळ्यांत जास्त तुलाच दिलंय," मालक म्हणाला.

मग धाकटीची पाळी. नणंद-भावजय एकाच कारखान्यात, म्हणून नणंद ती थोरली आणि ही धाकटी. सहा वर्षं धाकटीचा संसार नणंदेच्या घरातल्या मागच्या खोलीत चालला होता. तिने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, ओट्यासमोर खिडकी असलेल्या. सगळी भिस्त या पाकिटावर होती. वाढ निघाली फटाकडीच्या निम्म्याहून कमी. खोल्या गेल्याच. तरी मेली सवय! ती हसली आणि "बरं झालं, साहेब" म्हणाली.

मालक खूश झाला. "थोरली म्हणालीच होती, हिला कमी दिलं तरी चालेल, ही काही बोलायची नाही."

थोरली तिथली तपासनीस, वाढ कुणाला किती ते मालक तिला विचारून ठरवायचा. काच दिव्यासमोर धरायची, ओरखडा नसला की पुडीवर आपला शिक्का मारायचा. पण दोन वर्षांपासून तिची नजर अधू झाली होती. तिच्याआधी प्रत्येक काच धाकटी गुपचूप बघून द्यायची. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नोकरी गेली असती ना नणंदेची!

"ताई, तुम्ही असं म्हणालात?" धाकटीने बाहेर येताच थोरलीला विचारलं.

"अगं, पैसे मोजकेच होते. त्या भवानीचं तोंड कोण बंद करणार? तू काय, घरचीच."

घरचीच! परक्याचं एक वेळ सोसलं असतं, पण हिने केसाने गळा कापला होता.

संध्याकाळी काचांचा ट्रे नेहमीसारखा तिच्याकडे सरकला. तिने तो तसाच परत सरकवला.

"आज तुम्हीच बघा, ताई."

थोरलीने पहिली काच दिव्यासमोर धरली, फिरवली, डोळे बारीक केले. काचेवरचा आडवा ओरखडा धाकटीला बसल्या जागेवरून दिसत होता.

"चांगली आहे ना गं?" थोरलीने हळूच विचारलं.

धाकटी हसली. काही बोलली नाही.

थोरलीने शिक्का मारला.