गाडीला ताकद

"टर्बो मोठा टाकू, इंजेक्टर बदलू, का नुसतं कॉम्प्युटरवर ट्यून करू?" गुणवंत मिस्त्रीने बोनेटमधून डोकं काढलं. "तिन्ही केलं ना, तर तुझी पिकअप रॉकेट होईल बघ."

"तिन्ही कर," निकेत म्हणाला.

"रॉकेटात मासळी भरून चंद्रावर विकतोस काय रे?" स्टुलावर बसलेली शेवंती कडाडली. मिस्त्री हसला. तिचा लेक हसला नाही.

"आये, गप बस. गाडीत ताकद असती तर बाबा वाचला असता."

वर्षभर तो हेच बोलत होता. छातीत कळ आलेल्या बापाला, धाकूला, स्वतःच्या आणि आईच्या मध्ये बसवून त्याने उत्तनहून गाडी काढली होती. चढावर ती रडतरखडत राहिली. इस्पितळाच्या दारात धाकू गेला. आता या इंजिनापायी निकेत बापाचा बोटीतला वाटा विकायला निघाला होता. खरेदीदार संध्याकाळी येणार होता.

"थांब," शेवंती म्हणाली. "इंजिनाला काय पण झाला न्हाय. रेसच्या पेडलखाली बोल्ट हाय."

"कसला बोल्ट?"

"तू वळणावर गाडी उलटवलीस ना, त्या टायमाला बसवून घेतला. पेडल पुरता दबू नये म्हणून. जुन्या मिस्त्रीला सांगितला, पोराला बोल इंजिन थकलाय."

गुणवंतने पेडलखाली हात घातला आणि जीभ चावली. "च्यायला, आहे की!"

निकेत आईकडे वळला.

"बाबाला ठाऊक होता?"

"त्यानंच पाना धरलेला."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाय? तू का न्हाय बोललीस?"

"माझ्या ध्यानातच न्हवता रे. तेराव्याला आठवला." शेवंतीने पदर मुठीत धरला. "त्याची वाचा गेलेली. खाली पायांकडं बोट दाखवीत होता. मला वाटला, पाय दुखतान. मी चेपीत बसले."

मिस्त्रीने बोल्ट काढून दिला. टर्बोचं त्याने पुन्हा विचारलं नाही.

परतीच्या चढावर निकेतने गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. पेडल आता खालपर्यंत जात होतं, तरी त्याने दाबलं नाही. मागे रिक्षा, टेम्पो हॉर्नवर हॉर्न मारत होते. एकाने बाजूने जाताना आईवरून शिवी दिली.

शेवंती समोर बघत राहिली. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिने कुणाला उलट उत्तर दिलं नाही.