माया ठेवून कापा

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, पण माझ्यापाशी बसून आजवर कोणी जेवलेलं नाही की अभ्यास केलेला नाही. माझ्या पाठीवरून खेळण्यातली रेल्वे धावते. एक इंजिन, मागे डबे, एक स्टेशन आणि एक बोगदा, एवढाच माझा संसार.

मला बाबांनी स्वतःच्या हातानं केलं. ते बस चालवायचे. दिवसभर बस आणि घरी आलं की रेल्वे! आई म्हणायची, "ह्यांना देवानं पायांऐवजी चाकंच लावलीत." थट्टा करायची खरी, पण बोगद्यावरचा डोंगर तिनंच केला होता, हिरव्या चिंध्या शिवून. मुलगी स्टुलावर उभी राहून तोंडानं शिट्टी द्यायची. पाहुणे तोंडभरून कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो.

मग आई गेली. मुलगी शिवणकाम शिकून वेगळी राहू लागली. बाबांना कमी दिसू लागलं आणि माझ्या स्टेशनावर औषधांच्या बाटल्या येऊन बसल्या. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, आता एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला."

"टेबल येणार असेल तर येतो," बाबा म्हणाले. त्यांची तेवढीच अट होती.

मुलीचं घर म्हणजे जेमतेम दीड खोली. त्यात शिलाई मशीन, गिऱ्हाइकांचे कपडे आणि आता बाबांची खाट. मी आत आलो आणि दार उघडेना. माझी अडचण होत होती, हे मलाही कळत होतं. पण बाबा शेजाऱ्यांबरोबर डोळे तपासायला गेलेले असताना तिनं सुताराला बोलावलं, याचं मला फार वाईट वाटलं.

सुतार म्हणाला, "ताई, वडिलांना एकदा विचारायचं का?"

"विचारलं तर नाहीच म्हणतील. कापा तुम्ही."

तिनं शिंप्याच्या खडूनं माझ्यावर रेघ ओढली. करवत चालली आणि बोगद्याकडचा माझा भाग डोंगरासकट खाली आला. उरलेल्या जागेत तिनं रूळ वळवून पाहिले, पण वळण इतकं आवळलं गेलं की इंजिन दर फेरीला घसरू लागलं.

बाबा परतले. नजर अधू, म्हणून ते माझ्यावरून हात फिरवत पुढे आले. डोंगर असायचा तिथं त्यांचा हात हवेतच गेला.

मित्रांनो, कपडा कापताना कडेला थोडं जास्तीचं कापड सोडतात, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. बाबा एवढंच म्हणाले, "परक्यांच्या कपड्यांना माया ठेवून कापतेस. माझ्या वेळेला विसरलीस?"

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवण निम्मं परत जायचं. "मला माझ्या घरी सोड," म्हणायचे, पण ते घर तर केव्हाच रिकामं करून दिलं होतं. मुलीचं मशीन चालता चालता मध्येच थांबायचं. मला वाटायचं, मला अख्खं मोडून चुलीत घातलं असतं तर बरं.

एका दुपारी तिनं खाटेखालून माझा तुटका भाग ओढून काढला आणि बाबांसमोर ठेवला. "चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं. आता सांगा, कसं जोडू?"

बाबा बराच वेळ डोंगराच्या चिंध्या चाचपत राहिले. मग म्हणाले, "बिजागऱ्या आण. पडती फळी करू."

आता दिवसभर माझा तो भाग खाली लोंबतो आणि संध्याकाळी वर उचलला जातो. तेव्हा दार उघडत नाही. गिऱ्हाइकानं कडी वाजवली की मुलगी आतून ओरडते, "गाडी जाऊ द्या, मग उघडते!"

पण करवतीनं खाल्लेलं लाकूड परत येत नाही. जोडापाशी बारीक फट राहिली आहे. तिथं गाडी दचकते आणि दोघंही बोलायचं थांबतात. गाडी सुखरूप बोगद्यात शिरली की मगच पुढचं बोलणं होतं.

मित्रांनो, जागा लहान असते, त्याला कोणाचा इलाज नाही. कापावं लागलं तर कापा. पण ज्याचं आहे त्याला आधी विचारा आणि थोडी माया ठेवा. मी लाकडाचा, म्हणून मला बिजागरी तरी लावता आली.