गोळी नीट बसेना

सासूबाई येणार म्हटल्यावर उल्काने तळघरातल्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली चहाच्या डब्यामागे ठेवली. जर्मनीत, रेगेन्सबर्गजवळच्या आपल्या गावात ती नेमबाजीच्या क्लबात जायची, रायफलीची काडतुसं घरीच भरायची. हे सासूबाईंना, साधनाबाईंना, कसं सांगावं, ते तिला लग्नापासून सुचलं नव्हतं. नवरा, श्रीरंग, म्हणायचा, "सांगू गं कधीतरी."

साधनाबाई आल्या आणि दोनच दिवसांत त्यांना किल्ली सापडली. "ही कशाची गं?" साधनाबाईंनी चहा उकळता उकळता विचारलं. उल्काला थाप सुचेना. ती त्यांना खाली घेऊन गेली.

टेबलावर काडतुसं भरायचा, हाताने दाबायचा प्रेस होता, शेजारी काडतुसांच्या चकचकीत पितळी पुंगळ्या. बंदुकीची दारू आणि रायफल भिंतीतल्या तिजोऱ्यांत बंद. साधनाबाई सगळं बघत राहिल्या.

"कॅलिबर कुठलं?" त्यांनी विचारलं.

"आई?"

"अगं, मी एनसीसीत होते. नागपूरच्या कॅम्पात नेमबाजीत पहिली आले होते. श्रीरंगला माहीतसुद्धा नाही."

"सांगितलं का नाहीत?"

"तू का नाही सांगितलंस?"

दोघी हसत सुटल्या. मग उल्काने आपलं दुखणं सांगून टाकलं. रविवारी क्लबाची उन्हाळी स्पर्धा होती आणि नव्या गोळ्या पुंगळीत सारख्या बसत नव्हत्या. एक कमी आत, एक जास्त. तसं झालं की दाब बदलतो, नेम पसरतो. म्हणून दारू न भरता नुसत्या डमी करून ती दोष शोधत होती.

"दारूला परवाना लागतो, पण या डमी तुम्ही बिनधास्त हातात घ्या."

साधनाबाईंनी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं होतं. खुर्ची ओढून त्या बसल्या. "मोजतेस कुठून?"

"बुडापासून टोकापर्यंत."

त्यांनी न बसवलेल्या गोळ्या दिव्याखाली ओळीने उभ्या केल्या. "टोकं बघ. एकीसारखी दुसरी नाही. मग तुझं माप कसं जुळेल?"

उल्काने कपाळावर हात मारला. टोकाऐवजी गोळीच्या खांद्यावरून मोजायचा तुकडा ड्रॉवरमध्येच पडून होता. तो कॅलिपरला लावून तिने पुन्हा मोजलं. फरक बराच कमी झाला, पण गेला नाही.

"ज्या क्रमाने केल्यायस, त्याच क्रमाने मोज," साधनाबाई म्हणाल्या.

तसं केल्यावर दिसलं, की प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा केसभर जास्त आत गेली होती.

"वाढतच चाललंय. म्हणजे कुठेतरी काहीतरी साचतंय."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" उल्का ओरडली. तिने प्रेसवरची डाय, गोळी बसवायचा साचा, काढून उघडली. गोळीला वरून दाबणाऱ्या दांड्याच्या खोबणीत मेणचट वंगण आणि पितळेचा कीस घट्ट बसला होता. दर दाबाला थर वाढत होता आणि गोळी तेवढी खाली ढकलली जात होती. काडीने कोरून, स्पिरिटने पुसून तिने दांडा लख्ख केला, डाय नव्याने लावली आणि एक डमी केली. मग दुसरी. मग आणखी एक. साधनाबाई कॅलिपरचे आकडे मोठ्याने वाचत होत्या. सगळे सारखे!

"बसली! बसली!" दोघी नाचायच्याच बाकी होत्या.

श्रीरंग धावत जिना उतरला. "कोण बसलं? कुठे?"

"गोळी!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि आईच्या हातातलं काडतूस बघून तो पायरीवरच टेकला. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. नागपूरचं तर दोनदा.

रविवारी उल्का दुसरी आली. क्लबात तिचा नंबर आजवर लागलाच नव्हता. त्यानंतर पाहुण्यांचा तास होता. क्लबाचे जुने प्रशिक्षक हेर ब्रांडल, म्हणजे ब्रांडलसाहेब, यांनी साधनाबाईंना हलकी रायफल दिली आणि स्वतः शेजारी उभे राहिले. चष्मा सारखा करून, पदर खोचून त्या टेबलाशी बसल्या. पहिली गोळी कागदाच्या कडेला गेली. "खांदा विसरलाय," त्या पुटपुटल्या. पुढच्या सगळ्या मध्याजवळ, रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा.

"या माय!" हेर ब्रांडल दुर्बिणीतून बघत थक्क होऊन आपल्या बोलीत म्हणाले. पाहुण्यांचं बक्षीस साधनाबाईंनाच मिळालं. धुरावलेल्या मांसाचा एक मोठा तुकडा.

"आम्ही मांस खात नाही," उल्काने ओशाळून जर्मनमध्ये सांगितलं. हेर ब्रांडल बाहेर गेले आणि शेजारच्याच आपल्या बागेतल्या पांढऱ्याशुभ्र मुळ्यांची पाल्यासकट जुडी घेऊन आले. प्रत्येक मुळा मनगटाएवढा.

साधनाबाईंचा चेहरा फुलला. "अगबाई, पालासुद्धा! उल्का, यांना सांग, उद्या मुळ्याची भाजी घेऊन येते म्हणावं. आणि विचार, उद्या रेंज उघडी असते का?"