हाउन्सलोच्या टेलिफोनची डच शिकवणी

मित्रांनो, लंडनच्या हाउन्सलो भागातल्या एका घरात जिन्याखालच्या स्टुलावर बसलेला मी जुना टेलिफोन आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण ऐकायला मी शिकलो ते यमुनाकाकूंच्या घरी. काकू विमानतळावरच्या किचनमध्ये कामाला होत्या. घरी आल्या की कोट काढायच्या आत मला उचलायच्या. नागपूरहून बहीण बोलायची आणि काकू इकडून "हं... हं..." करायच्या. जरा हुंकार थांबला की पलीकडून लगेच, "ऐकतेयस ना गं?" फोनवर ऐकणं म्हणजे हुंकार देणं, हे मी पक्कं ठरवून टाकलं होतं. काकू मला रोज पुसायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, "हा आहे म्हणून मला माहेर आहे."

२००७ साली पुण्याची श्रद्धा काकूंकडे भाड्याने राहायला आली आणि माझं डोकं चक्रावलं. तिची नोकरी इथे, नवरा शार्दूल रॉटरडॅमला. तो तिथेच जन्मला, वाढला. त्याच्याजवळ राहायला जायचं तर तिने आधी डच भाषेची आणि तिथल्या रीतीभातींची परीक्षा पास व्हायला हवी, असा तिकडचा कायदा. आता सांगा, राहायचं इंग्रजांच्या देशात, बोलायचं मराठीत, आणि मराठी नवऱ्याकडे जायला शिकायचं डच! इथेही राणी, तिथेही राणी. कुठली राणी कोणाची, हेही मला कळेना.

परीक्षा लंडनच्या डच वकिलातीत, पण तीही फोनवर. पलीकडे माणूस नाही, मशीन. ते वाक्य बोलणार, श्रद्धाने तेच परत म्हणायचं. फोनवरची परीक्षा म्हटल्यावर माझी छाती फुगली. सराव माझ्यावरच चालायचा. शार्दूल तिकडून वाक्यं सांगायचा, ही म्हणून दाखवायची. सगळं छान चाललं होतं.

आणि ती नापास झाली.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि संसार सगळा माझ्या वायरीतून चालला होता. मला घट्ट धरून ती रडली. "मला सगळं येत होतं रे! मग ते मशीन पुढे का पळत होतं?"

"परत करू," शार्दूल म्हणाला. त्याने एक वाक्य सांगितलं, आणि एकदम थांबला. त्याचं मराठी थोडं वेडंवाकडं आहे. "श्रद्धा, मी सेंटेन्स संपवला की तू आधी हं बोलते. मशीनला वाटतो तोच तुझा आन्सर."

"अरे, हं म्हणजे ऐकलं!"

"मला कळतो ना. त्याला नाही."

इतके दिवस त्यालाही ते खटकलं नव्हतं. शेवटी तो आपल्यातलाच. मी मात्र पार गोंधळलो. ऐकताना गप्प बसायचं? मग माणूस आहे की गेला, हे कळायचं कसं?

श्रद्धाने हुंकार बंदच केला, सगळ्यांशी. पुण्याहून आई विचारायची, "रागावलीस का गं माझ्यावर?" ही ओठ दाबून ऐकत राहायची.

"अगं, एक हं दे तिला," काकू म्हणायच्या. "जीव टांगणीला लागलाय तिचा."

"नको काकू, परत सवय लागेल."

दुसऱ्या वेळी ती पास झाली. काकूंनी शिरा केला. श्रद्धा रॉटरडॅमला गेली आणि मला फार अभिमान वाटला.

आता घरात मोबाइल आहेत, माझ्यावर धूळ बसते. रविवारी मात्र श्रद्धाचा फोन माझ्यावरच येतो. काकू तिला गुडघ्याचं सांगतात, जीपीची, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाही ते सांगतात. पलीकडे अगदी शांत. श्रद्धा मन लावून ऐकत असते, तिचा श्वास मला कळतो. काकूंना तो कळत नाही. त्या चाचरतात. मग म्हणतात, "बरं, तू कामात दिसतेस. ठेवते हं."

"नाही काकू, ऐकतेय मी..." एवढं माझ्यापर्यंत येतं. तोवर काकूंनी मला खाली ठेवलेलं असतं.

मी त्या मुलीला शिकवलं की बिघडवलं, मला अजून उमगत नाही. मित्रांनो, मला नाही पुसलंत तरी चालेल. पण फोनवर कोणी आपल्या गुडघ्याबद्दल सांगत असेल, तर मधूनमधून हं म्हणा. तिथे कोणी मार्क कापत नाही.