कानबाबांची मजुरी

गॅरेजच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांच्या गाड्या बिघडल्या होत्या ते तर होतेच, पण ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती तेही आले होते. कोणी टायरच्या चवडीवर चढलं होतं, कोणी तेलाच्या रिकाम्या पिंपावर. मधोमध एक टॅक्सी बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्यापुढे कानबाबा.

कानबाबांनी हातभर लांबीची पोलादी सळई इंजिनावर टेकवली आणि तिचं दुसरं टोक कानात धरलं. सगळीकडे चिडीचूप. बाबांनी डोळे मिटले नाहीत. समोर काचेचं ऑफिस होतं, तिकडे एकटक बघत ते म्हणाले,

"गिअरबॉक्स. दुसरा गिअर अडकतो."

"बरोबर!" टॅक्सीवाला ओरडला.

"आणि घाटात तू एक कुत्रं चिरडलंस. थांबला नाहीस."

टॅक्सीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, ते तर मी बायकोलाही सांगितलं नाही!"

"तू नाही सांगितलंस. लोखंडानं सांगितलं. लोखंडाला तोंड नसतं, म्हणून देवानं मला कान दिले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "बघितलंस?" त्या कुजबुजल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

मी मान हलवली. त्या दिवसांत कोणी काहीही म्हटलं की मी मान हलवायचे. माझा नवरा गाडी चालवता चालवता गेला होता. हृदय बंद पडलं. त्यानंतर मी कामावर जात होते, जेवत होते, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होते. पण हे सगळं दुसरंच कोणीतरी करतंय आणि मी जरा लांबून बघतेय, असं चाललं होतं. रडू येत नव्हतं. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. धीर कसला, दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गालाचं जे होतं, ते माझं आख्ख्या अंगाचं झालं होतं.

त्याची गाडी दारात नुसती उभी होती. मध्यंतरी विकायचं ठरलं, तर ती सुरूच होईना. तेव्हा कोणीतरी सासूबाईंच्या कानावर कानबाबांचं नाव घातलं. नुसती गाडीच नाही, गाडीत जे घडलं तेही त्यांना ऐकू येतं म्हणे. झालं. गाडी दुसऱ्या गाडीमागे टोचण लावून, ओढत इथे आणली गेली.

आमचा नंबर येण्याआधी बाबांच्या पुतण्यानं आम्हांला काचेच्या ऑफिसात बसवलं. गॅरेज तोच चालवायचा. गोड माणूस. कानात फोनची वायर, तोंड सतत चालू, पण आवाज इतका हळू की पलीकडच्या माणसाला कसा ऐकू जात असेल कोण जाणे.

"चहा घ्या, मावशी. गाडी कोणाची म्हणायची?"

"माझ्या लेकाची," सासूबाई म्हणाल्या, आणि बांध फुटला. कसा गेला, कुठे गेला, सकाळी न जेवता कसा निघाला, सगळं त्यांनी सांगितलं. पुतण्या मान खाली घालून ऐकत होता. दोनदा त्यानं डोळे पुसले. मधे कोणाचातरी फोन आला म्हणून तो काचेकडे तोंड करून बोलू लागला.

मग बाबांनी आमच्या गाडीला सळई लावली.

"मालक गेला," ते म्हणाले. "याच गाडीत गेला. पोटात अन्न नव्हतं."

सासूबाईंच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

"त्रास झाला नाही त्याला. शेवटचा शब्द निघाला तो 'आई'. पण इंजिनानं धसका घेतलाय. पूर्ण उतरवून बांधावं लागेल. मजुरी बरीच होईल."

"होऊ दे!" सासूबाई रडत म्हणाल्या. "काय होईल ती होऊ दे."

त्याच वेळी बाबांच्या पाठीमागे एकाच्या हातून पान्यांचा अख्खा ट्रे फरशीवर पडला. तो आवाज इतका मोठा झाला की आम्ही सगळे दचकलो. पिंपावरचा माणूस तर खालीच आला. बाबांची पापणीसुद्धा हलली नाही.

"काय ही एकाग्रता!" कोणीतरी म्हणालं.

मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते. तेच माझं काम आहे. एकाग्रता मला माहीत आहे आणि बहिरेपणाही माहीत आहे. आता लक्ष गेल्यावर मला बाबांचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. सपाट, गरजेपेक्षा मोठा, शब्दांची टोकं झिजलेली. स्वतःचा आवाज ज्याला वर्षानुवर्षं ऐकू आलेला नाही तो माणूस असं बोलतो. माझ्या मनात हे सगळं आलं आणि तिथेच पडून राहिलं. काही करावं, काही बोलावं, असं वाटलंच नाही. आम्ही घरी आलो. त्या रात्री सासूबाई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

गाडी न्यायला गेलो तेव्हा पुतण्यानं बिल पुढे ठेवलं. नवी बॅटरी, ठीक. त्याखाली 'इंजिन उतरवून बांधणी, मजुरी' आणि त्यापुढचा आकडा असा की तेवढ्यात दुसरी जुनी गाडी आली असती. सासूबाई लगेच पर्स उघडू लागल्या.

"थांबा, आई," मी म्हटलं. का म्हटलं ते मलाच कळलं नाही. सवयीनं असेल. दवाखान्यातही मी यंत्र तपासल्याशिवाय कागदावर सही करत नाही.

मी बाहेर जाऊन बॉनेट उघडलं. इंजिन आणि बॅटरीची चौकट यांच्यामध्ये कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. जुनं, धुळीनं राखाडी झालेलं, त्यात वाळलेली पानं अडकलेली. इंजिनाच्या बोल्टांवर धुळीचा थर, त्याला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

"इंजिन उतरवलंत ना?" मी पुतण्याला विचारलं.

"पूर्ण उतरवलं, ताई."

"मग कोळ्यालाही उतरवलं असणार. जाळ्यासकट. आणि परत जागच्या जागी बसवलं."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. पुतण्या हसला नाही, पण डगमगलाही नाही. "ताई, तुम्ही शिकलेली माणसं. बाबांचं काम हाताचं नाही. ते कानातून आत उतरतात आणि आतून बांधतात. बाहेरचा बोल्ट कशाला हलेल?"

"हात लागला नाही, तर मजुरी कसली?"

"एकाग्रतेची!"

"अगं, दे ना पैसे," सासूबाई काकुळतीला आल्या. "त्यांच्यामुळे मला त्याचा शेवटचा शब्द कळला. त्याची घासाघीस करतेस?"

आता लोक जमू लागले होते. गर्दी बघून पुतण्याला चेव आला. "मावशी, वादच नको. गाडीलाच विचारू, काम झालं की नाही. बाबा पुन्हा ऐकतील. सगळ्यांसमोर!"

"चालेल," मी म्हटलं. "पण आधी मला तुमच्याशी आत बोलायचंय."

ऑफिसात मी आवाज खाली आणला. "माझ्या सासूबाईंना हे माहीत नाही. जाताना माझा नवरा फोनवर मामाशी बोलत होता. मामाशी भांडण होतं, ते मिटलं. बाबांना हे ऐकू येतं का, ते बघायचंय. आलं, तर मी सगळे पैसे देईन."

"ताई, बाबांना सगळं ऐकू येतं," पुतण्या म्हणाला. त्याचे डोळे चमकले.

मी बाहेर येऊन गर्दीत उभी राहिले. बाबांनी सळई लावली. नजर काचेवर. काचेआड पुतण्या कानात वायर घालून कोणाशी तरी बोलत होता. आवाज नाही, नुसते ओठ.

"काम झालंय," बाबा म्हणाले. "इंजिन शांत आहे. आता आणखी ऐकू येतंय. शेवटी तो बोलत होता. बाबांशी बोलत होता. बाबांशी भांडण होतं, ते मिटलं."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "त्याचे बाबा! अहो, त्याचे बाबा तर तो शाळेत असतानाच गेले!"

गर्दीतून एकच सुस्कारा निघाला. "वडील न्यायला आले!" एक बाई म्हणाली. दोघांनी हात जोडले. पुतण्या काचेआडून बाहेर बघत होता. काहीतरी चुकलंय हे त्याला कळलं होतं, पण ती चूकच आणखी मोठा चमत्कार ठरली म्हणून तोही चकित झाला होता.

मला त्या क्षणी राग आला असं लिहिणं बरं दिसलं असतं. राग आला नाही. मी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते त्याच आवाजात बोलले.

"मी आत्ता आत जाऊन यांच्या पुतण्याला सांगितलं, की माझा नवरा मामाशी बोलत होता. बाबा नाही, मामा. आणि तेही मी बनवून सांगितलं. आई, त्याला मामा आहे का?"

सासूबाईंनी वर बघितलं. मग म्हणाल्या, "मला भाऊच नाही. मी एकुलती एक."

"ज्यांच्याकडे आरसा आहे त्यांनी आवाज न काढता म्हणून बघा. मामा. बाबा. पापा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. नुसत्या ओठांवरून फरक कळत नाही. ज्यांना ऐकू येत नाही ते लोक ओठ वाचतात, आणि याच शब्दांना फसतात. माझ्याकडे रोज येतात असे लोक. या बाबांना इंजिन ऐकू येत नाही. पाठीमागे पान्यांचा ट्रे पडला तोही त्यांना ऐकू आला नव्हता. चहा पिताना तुम्ही जे सांगता, ते काचेआडून त्यांना सांगितलं जातं."

टॅक्सीवाला गर्दीत होता. आज बिल भरायला आला होता. त्यानं कपाळावर हात मारला. "कुत्र्याचं मीच बोललो होतो की! चहा घेताना! बायकोला सांगितलं नव्हतं, याला सांगितलं होतं!"

"खोटं आहे!" पुतण्या ओरडत बाहेर आला. "काका, सांगा यांना!"

पण तो काकांच्या मागच्या बाजूनं ओरडत होता. काका शांतपणे सळई पुसत होते. एक पोरगी हसली, मग सगळे हसले. लोक का हसतायत हे न कळल्यामुळे म्हातारा एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "काका, तुम्हांला ऐकू येत नाही. त्यांना ते कळलंय."

त्यानं माझे ओठ वाचले. सळई खाली ठेवली. "पत्रे ठोकून ठोकून गेले कान," तो म्हणाला. "हाताला अजून कळतं. तुमच्या गाडीची फक्त बॅटरी गेली होती. पहिल्याच दिवशी सांगितलं मी याला. पुढचं बोलायला यानं लावलं."

"आणि 'आई' हा शब्द?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

त्यानंतर बिलाचा वाद उरलाच नाही. पुतण्यानं मजुरीच्या ओळीवर काट मारली. मी बॅटरीचे पैसे दिले, आणि ती बसवायची मजुरीही दिली, कारण ती कोणीतरी हातानं बसवली होती. टॅक्सीवाला आणि इतर चारजण आपापली बिलं घेऊन ऑफिसात घुसले होते. आम्ही निघालो तेव्हा आतून आवाज येत होते, आणि या वेळी ते काचेबाहेर ऐकू येत होते.

सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ताट वाढून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. एकदाच म्हणाल्या, "माझ्याकडे त्याचा तेवढाच शब्द होता. तो तू घेतलास."

"तो त्याचा नव्हता, आई. काचेआडच्या माणसाचा होता."

"मला काय करायचं होतं कोणाचा होता ते!"

सत्य सांगितल्यानं माणसाला लगेच बरं वाटतं, असं मी कुणालाही सांगणार नाही. मला स्वतःलाच काही वाटत नव्हतं.

पुढे एक दिवस मी भाजी निवडत होते. त्या समोर येऊन बसल्या, थोडी भाजी स्वतःकडे ओढून घेतली आणि म्हणाल्या, "मग शेवटी काय बोलला तो?"

"माहीत नाही, आई."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही. तो एकटा होता." मग जे माहीत होतं ते सांगितलं, कारण ते आजवर त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. "पोलीस म्हणाले, गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली होती. हातब्रेक ओढलेला होता."

त्यांचे हात थांबले. "म्हणजे कोणाला लागू नये म्हणून त्यानं..."

"असेल. मलाही तसंच वाटतं. पण त्याच्या मनात काय होतं, ते खात्रीनं नाही सांगता येणार."

"नको सांगूस," त्या म्हणाल्या. "ब्रेक ओढला होता ना? तेवढं खरं आहे ना?"

"तेवढं खरं आहे."

त्या रडू लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझा हात गरम आहे की गार, हे मला कळत नव्हतं, पण त्यांनी तो झटकला नाही.

कानबाबा नंतर माझ्याकडे आले, कान तपासून घ्यायला. उजवा पूर्ण गेलाय, डाव्याला यंत्रानं थोडं ऐकू येईल. गॅरेज अजून चालू आहे, आता तिथे बॅटऱ्या मिळतात आणि बसवून मिळतात. पण काचेची ऑफिसं पुष्कळ असतात आणि गोड पुतणेही पुष्कळ. तुमच्या घरातलं माणूस गेलं की कोणीतरी त्याचा निरोप घेऊन येईल. गाडीतून, स्वप्नातून, हवेतून ऐकला म्हणेल. तुम्हांला तो हवाच असेल, म्हणून तो खरा वाटेल. मजुरी देण्याआधी एवढंच करा. त्याला विचारा, हे तुला कोणी सांगितलं? आणि तो उत्तर देत असताना त्याच्या तोंडाकडे बघू नका. तो कोणाच्या तोंडाकडे बघतोय, तिकडे बघा.